हत्ती वाजवून बघावा

परदेशातून माल मागवून मुंबईत विकायचं तुमच्या मनात आलं असेल, तर अभिनंदन. पैसा, वेळ किंवा झोप, यांतलं काहीतरी तुमच्याकडे जास्तीचं पडून असणार. माझ्याकडे तिन्ही होतं. म्हणून मी चीनमधून प्लॅस्टिकचे गल्ले मागवले. हत्तीच्या आकाराचे, निळे, पाठीवर नाणं टाकायची फट, पोटाला रबरी बूच. 2,400 नग. मशीद बंदरच्या घाऊक बाजारात हां हां म्हणता उठतील, असा माझा हिशेब होता.

तर आता अनुभवाचे बोल ऐका. माल घेताना घासाघीस अजिबात करू नका. भाव पाडला की आपण घरी येऊन बायकोला दोनदा सांगतो, पण कस्टमला ते सांगायची सोय नाही. 2007 सालच्या मूल्यांकन नियमांतला बारावा नियम अधिकाऱ्याला तुमच्या बिलातल्या किमतीवर संशय घ्यायचा अधिकार देतो. स्वस्तात आणलं ही बाजारात हुशारी, टेबलावर तीच लबाडी. तेव्हा विकणाऱ्याला हात जोडून सांगा, बाबा रे, थोडं महाग लाव.

बिल ऑफ एन्ट्री, म्हणजे काय माल आणलाय ते कस्टमला सांगायचा कागद, जहाज यायच्या आदल्या दिवसापर्यंत भरा. उशीर झाला की पहिले तीन दिवस रोजचे 5,000 रुपये आणि पुढे रोजचे 10,000. जहाजाने उशीर केला तर त्याला कोणी विचारत नाही. ते मोठं असतं.

आता मुख्य गोष्ट. तुमची वस्तू नक्की काय आहे, हे तुम्हाला माहीत आहे असं कृपा करून समजू नका. जगातल्या प्रत्येक वस्तूला कस्टमच्या दरपत्रकात आठ आकडी जागा ठरलेली आहे. 2011 पासून ती जागा तुम्ही स्वतःच शोधून शुल्क स्वतःच काढायचं असतं. म्हणजे चुकलात तर चूकही तुमचीच. मी भाबडेपणाने प्रकरण 39 लिहिलं, प्लॅस्टिकच्या वस्तू. लिहून चहा प्यायलो.

कंटेनर उघडून बघायचा हुकूम निघाला. कुठल्या गोदामात ते सांगत नाही, पुढचा माल तिथूनच सोडवायचा आहे. सील कापलं, हमालांनी चार खोकी खाली ओढली, कस्टमच्या साहेबांनी एक हत्ती हातात घेतला. उलटा केला. बूच काढलं, आत बघितलं, बूच लावलं. मग खिशातून एक रुपयाचं नाणं काढून फटीतून आत टाकलं आणि हत्ती कानाशी धरून हलवला.

"वाजतंय," साहेब म्हणाले.

मी म्हटलं, "साहेब, गल्ला आहे, वाजणारच."

"लहान मूल काय करेल याचं? हलवेल. म्हणजे खुळखुळा. म्हणजे खेळणं."

खेळणं म्हणजे प्रकरण 95. खेळण्यांवरचं मूळ सीमाशुल्क 2020 साली 20 टक्क्यांचं 60 झालं आणि 2023 साली 70. शुल्कासकट जी रक्कम होते तिच्यावर पुन्हा जीएसटी, करावर कर हा आपला जुना रिवाज. पण पैशाचं सोडा. 1 जानेवारी 2021 पासून आयएसआय शिक्का असल्याशिवाय खेळणं देशात येऊ शकत नाही, आणि तो परवाना परदेशातल्या कारखान्याने घ्यायचा असतो. माझ्या कारखानदाराला आयएसआय हे एखाद्या गावाचं नाव वाटलं असतं.

14 वर्षांखालच्या मुलांनी खेळायची वस्तू ती खेळणं, हा नियम मी पाठ केला. गल्ल्याशी कोणी खेळत नाही, लहानपणी आपण त्यात पैसे टाकले आणि आईने अडचणीला काढले, असं रीतसर पत्र लिहिलं. आईचा उल्लेख माझ्या कस्टम एजंटने खोडला.

मग त्याने मला दरपत्रकाचा अर्थ लावण्याचे नियम दाखवले. ते वाचाच. वस्तू दोन जागी बसत असेल तर जास्त नेमकं वर्णन बघावं. त्याने भागलं नाही तर वस्तूचा मूळ गुण बघावा. त्यानेही भागलं नाही तर, तिसऱ्या नियमाचं (ग) कलम सांगतं, दोन्हींपैकी ज्या जागेचा आकडा शेवटी येतो ती घ्यावी. 39 आणि 95 मध्ये शेवटी काय येतं? एवढं गणित मला येत होतं.

यात अधिकाऱ्याशी भांडावं म्हटलं तर कोणाशी? 2020 पासून कागदांची तपासणी फेसलेस आहे. माल इथे आणि तुमचे कागद तपासणारा देशातल्या कुठल्याही बंदरात बसलेला. त्याने हत्ती पाहिलेला नाही, मला पाहिलेलं नाही. सहा आंधळे आणि हत्तीच्या गोष्टीत आंधळ्यांनी निदान हात तरी लावला होता. (व्यवस्था वाईट आहे असं मी म्हणणार नाही. पूर्वी साहेबांच्या टेबलासमोर दिवस जायचा, आता तो स्क्रीनसमोर जातो, आणि स्क्रीनसमोर पंखा आपला असतो.)

तोवर गोदामाचं भाडं चालू, कंटेनर अडवला म्हणून जहाज कंपनीचं मीटर वेगळं. आणि माल उतरून 30 दिवसांत सुटला नाही, तर सीमाशुल्क कायद्याच्या कलम 48 खाली नोटीस देऊन तो विकता येतो. म्हणजे माझे हत्ती मशीद बंदरला पोचणार हे नक्की होतं, फक्त ते माझे असतील की नाही एवढाच प्रश्न.

परदेशातून पार्सलने भेटवस्तू मागवणं सोपं असेल, असंही मनात आणू नका. गिफ्टची सवलत डिसेंबर 2019 मध्ये बंद झाली. फक्त जीव वाचवणारी औषधं आणि राखी यांना अपवाद. तेव्हा बहीण परदेशात असेल तर तिच्याशी नीट वागा, देशात बिनबोभाट येणारी तेवढीच एक वस्तू उरली आहे.

तिसऱ्या पत्रानंतर, एकोणतिसाव्या दिवशी, गल्ला हा गल्लाच आहे असं मान्य झालं. माल सुटला. नमुना म्हणून ठेवलेला हत्तीही परत आला. तो उचलला तर वाजला.

एजंटला म्हटलं, साहेबांचा रुपया राहिलाय आत, देऊन येऊ का? त्याने हत्ती माझ्या हातातून काढून घेतला, इकडेतिकडे बघितलं आणि हळूच खोक्यात तळाशी सरकवला.

"गप्प बसा, शेठ. तो पॅकिंग लिस्टमध्ये नाहीये."