‘सीडी गाडीत लागत नाही, कवितांचे तुकडे झाले’ : तुमच्या तक्रारीला उत्तर

नमस्कार.

तुम्ही दिलेला एक तारा आणि त्याखाली लिहिलेलं सगळं दोनदा वाचलं. वडिलांच्या आवाजाच्या दोन कॅसेट तुम्ही सीडीवर उतरवायला आमच्याकडे दिल्या होत्या. तुमचं म्हणणं असं, की पहिली सीडी गाडीत लागतच नाही. दुसरीत कवितांचे तुकडे झालेत, आवाज बारीक आहे आणि खरखर तशीच आहे. काँप्युटरवर पाच मिनिटांत होणाऱ्या कामाला आम्ही चार दिवस लावले, तुम्ही आणलेल्या कोऱ्या सीडीही परत केल्या. शेवटी तुम्ही लिहिलंय, की कॅसेट आता टाकूनच देणार आहात. ते वाचून मी हातातलं काम बाजूला ठेवलं आणि लिहायला बसलो.

पहिली सीडी न लागणं ही पूर्णपणे माझी चूक आहे. आणखी एक छोटी कॅसेट सापडण्याची शक्यता आहे, असं तुम्ही म्हणाला होतात. तुमची कॅसेट ६० मिनिटांची आणि डिस्क ८० मिनिटांची, म्हणून उरलेली २० मिनिटं मी मोकळी ठेवली आणि डिस्क फायनलाइझ, म्हणजे शेवटची पक्की, केली नाही. फिलिप्स आणि सोनी यांनी १९८० साली सीडीचे जे नियम ठरवले, त्यांप्रमाणे डिस्कच्या आतल्या बाजूला, आवाज सुरू होण्याआधी, एक सूची असावी लागते: किती ट्रॅक, कुठला कुठे सुरू होतो. प्लेअर आधी ती वाचतो आणि मगच गाणं लावतो. सीडी भरणारं आमचं यंत्र, म्हणजे रेकॉर्डर, भरताना मात्र ही सूची लगेच लिहीत नाही. त्याहूनही आत एका जागी कच्ची नोंद ठेवतो, आणि ती नोंद वाचता येते फक्त रेकॉर्डरला. फायनलाइझ केलं की त्या नोंदीवरून पक्की सूची तयार होते. डिस्क तुमच्या हातात देण्याआधी मी वाजवून बघितली होती, पण बघितली ती ज्या रेकॉर्डरवर भरली त्याच्यावरच. तिथे ती वाजणारच. साध्या प्लेअरवर एकदा लावली असती तर तेव्हाच कळलं असतं. आता दुकानातून बाहेर जाणारी प्रत्येक डिस्क आधी वेगळ्या, जुन्या प्लेअरवर वाजवून बघतो. तुमची डिस्क खराब झालेली नाही. घेऊन या, फायनलाइझ करायला काही मिनिटंच लागतात.

दुसऱ्या सीडीबद्दल मला जास्त वाईट वाटतंय. पहिल्या कॅसेटमध्ये वडील गोष्टी सांगतात. ती भरताना मी शेजारी बसलो होतो आणि प्रत्येक गोष्टीच्या सुरुवातीला हाताने बटण दाबून ट्रॅक पाडला होता. दुसरी, कवितांची कॅसेट भरताना मी ऑटो ट्रॅक चालू करून दुसऱ्या कामाला लागलो. यात आवाज ठरावीक पातळीच्या खाली गेला, काही क्षण खालीच राहिला आणि पुन्हा वर आला, की मशीन नवा ट्रॅक सुरू करतं. एकामागून एक गाणी असलेल्या स्वच्छ रेकॉर्डिंगला हे उत्तम चालतं. जुन्या कॅसेटमध्ये शांतता अशी नसतेच, फितीचा आवाज सतत असतो. म्हणून ती पातळी मला जरा वर ठेवावी लागली. आणि तुमचे वडील ओळीचा शेवट अगदी हळू करतात, मग थांबतात. पुढची ओळ मनात एकदा म्हणून बघतात आणि मग उच्चारतात, असं ऐकताना वाटतं. मशीनच्या दृष्टीने तो प्रत्येक थांबा म्हणजे गाणं संपलं. अकरा कवितांचे त्रेचाळीस ट्रॅक झाले ते असे. शिवाय आवाज वर आल्यावरच खूण पडते, म्हणून त्या ट्रॅकवर उडी मारली की पहिलं अक्षर खाल्लं जातं. हेही तुम्ही बरोबर ओळखलंत. एकदा भरलेल्या सीडीवरच्या या खुणा पुसता किंवा हलवता येत नाहीत. ती कॅसेट पुन्हा पहिल्यापासून उतरवावी लागेल, आणि ती मी उतरवणार आहे. पैसे घेण्याचा प्रश्नच नाही.

आवाज बारीक राहण्याचं कारणही माझ्या न बसण्यातच आहे. लेव्हल ठरवायला मी कॅसेट आधी पूर्ण ऐकली होती. दुसऱ्या बाजूला एका कवितेनंतर कुणीतरी काही बोलतं आणि वडील खळखळून हसतात. अख्ख्या कॅसेटमधला तो सगळ्यात मोठा आवाज आहे. फितीवर आवाज थोडा जास्त झाला तर ती सांभाळून घेते. सीडीवर मीटर शून्याला, म्हणजे त्याच्या सगळ्यात वरच्या खुणेला, टेकला की त्यापुढचा आवाज कापला जातो, हसणं फाटतं आणि ते परत कशानेही जोडता येत नाही. म्हणून लेव्हल त्या हसण्याच्या बेताने ठेवली आणि बाकी सगळं वाचन खाली राहिलं. शेजारी असतो तर वाचनाला लेव्हल वर ठेवून हसण्याच्या आधी नॉब हळूच खाली घेतला असता. या वेळी तसंच करीन. ती जागा आता मला पाठ झाली आहे.

खरखरीबद्दल मात्र मी तुमच्याशी सहमत नाही, आणि का ते सांगतो. कवितांच्या कॅसेटमध्ये फितीला हेडवर, म्हणजे आवाज वाचणाऱ्या भागावर, दाबून धरणारी फेल्टची छोटी गादी गोंद वाळून गळून पडली होती. तशीच लावली तेव्हा वडील तोंडावर कापड धरून बोलत असल्यासारखे ऐकू येत होते. दुसऱ्या एका कोऱ्या कॅसेटमधली गादी काढून तिथे बसवली. मग डेकच्या हेडशेजारचा बारीक स्क्रू केसाएवढा फिरवत राहिलो, ‘स’ आणि ‘श’ स्पष्ट होईपर्यंत. ज्या टेपरेकॉर्डरवर ती भरली त्याच्या हेडचा कोन वेगळा होता, तो जुळवावा लागतो. कोन जुळला आणि आवाज उघडला. त्याबरोबर फितीची सर्रसुद्धा उघडली, कारण दोन्ही त्याच वरच्या पट्टीत राहतात. ट्रेबल कमी करून किंवा डॉल्बी (डेकमधली सर्र दाबण्याची सोय) चालू करून ती सर्र मला दाबता आली असती. पण कॅसेट मुळात डॉल्बीशिवाय भरलेली आहे. त्यावर डॉल्बी लावला की सर्र जाते, आणि तिच्याबरोबर ‘स’ची धार, ओळीआधीचा श्वास आणि वहीचं पान उलटल्याचा आवाजही जातो. ते पान उलटल्याचं स्पष्ट ऐकू येतं, तुम्ही एकदा शांतपणे ऐका. तरीही तुम्हाला सर्र कमी केलेली प्रत हवी असेल तर वेगळी करून देईन. मूळ प्रत मात्र मी अशीच ठेवीन.

वेळेचं म्हणाल तर, पाच मिनिटं लागतात ती काँप्युटरमध्ये आधीच असलेली फाइल डिस्कवर टाकायला. ६० मिनिटांची कॅसेट काँप्युटरमध्ये घ्यायलाही ६० मिनिटंच लागतात, कारण फीत तिच्याच चालीने चालते. ट्रॅक कापायला काँप्युटर जास्त सोयीचा आहे, हे मान्य करतो. आमच्याकडे कॅसेट आधी ऐकायची, दुरुस्त करायची, मग भरायची आणि मग डिस्क ऐकायची, अशी पद्धत आहे. दोन कॅसेटना चार दिवस लागतात ते त्यामुळे. हे तुम्हाला कॅसेट घेतानाच सांगायला हवं होतं. कोऱ्या सीडीचंही तसंच: त्या काँप्युटरसाठीच्या होत्या. आमचा रेकॉर्डर घरगुती वर्गातला आहे. डिस्कच्या चरीत आधीच कोरलेली खूण वाचून तो फक्त ऑडिओसाठीच्या डिस्क घेतो, बाकीच्या बाहेर टाकतो.

आता कॅसेटबद्दल. कृपा करून त्या टाकू नका. ज्या डिस्कवर आपण भरतो ती छापील सीडीसारखी नसते. तिच्यात रंगद्रव्याचा थर असतो आणि लेझरने त्यावर खुणा उमटतात. ऊन आणि उष्णता यांनी तो थर खराब होतो, आणि तुम्ही ती गाडीत ठेवणार आहात. म्हणून या वेळी प्रत्येक कॅसेटच्या दोन डिस्क करून देतो, एक गाडीसाठी आणि एक घरात अंधाऱ्या जागी ठेवण्यासाठी. वर कागदी लेबल चिकटवू नका. बॉलपेनने तर मुळीच लिहू नका, कारण आवाजाचा थर त्या वरच्या बाजूलाच, वार्निशच्या पातळ पापुद्र्याखाली असतो. आणि डिस्क गेली तरी कॅसेट असली की पुन्हा उतरवता येतं. कॅसेट स्पीकरजवळ ठेवू नका. घरच्या जुन्या टेपरेकॉर्डरवर तूर्त लावूही नका, त्याने फीत ओढली तर मी काही करू शकणार नाही.

तुमच्या सोयीचा दिवस कळवा. शक्य असेल तर कवितांच्या कॅसेटच्या वेळी तासभर शेजारी येऊन बसा. काही कवितांची नावं वडील सांगत नाहीत, सरळ सुरू करतात. दोन ठिकाणी जुनी संपून नवी कुठे लागते ते मला खरंच कळलं नाही. तुम्हाला त्या माहीत असतील. तुम्ही मान हलवा, मी बटण दाबतो.