पेढीचं दूध चांगलंच, पण ते आईच्या दुधाइतकंच नव्हे

‘दुग्धपेढीतलं दूध आणि आईचं स्वतःचं दूध यांत काहीच फरक नाही’, हे दुग्धपेढ्यांवरच्या लेखातलं वाक्य खटकलं. पेढीत इतर मातांनी दान केलेलं दूध ६२.५ अंश सेल्सिअसला अर्धा तास तापवतात. जंतू मरतात हे खरं, पण त्याबरोबर दुधातल्या जिवंत पेशी नि चरबी पचवणारं लायपेजही जातं, जंतूंशी लढणारं लॅक्टोफेरिन हे प्रथिन बरंच घटतं. ऑलिगोसॅकराइड्स ही दुधातली शर्करा मात्र टिकते. ती बाळाला पचत नाही, आतड्यातले बायफिडोबॅक्टेरिया हे उपकारक जिवाणू तिच्यावर पोसतात. शिवाय अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या आईच्या दुधात सुरुवातीला प्रथिनं जास्त असतात, आणि पेढीला दूध देणाऱ्या बहुतेक जणी पूर्ण दिवसांच्या बाळंतिणी!

माझ्या भाचीचं बाळ सातव्या महिन्यात झालं. ‘हिला दूधच नाही, पेढीचं द्या’ असा घरच्यांचा धोशा. सिस्टरनी हाताने पिळून पिवळसर चिकाचे चार थेंब सिरिंजमध्ये घेतले नि बाळाच्या गालाला आतून लावले. पुढे पेढीचं दूधही लागलं, पण आईचं कमी पडे तेवढंच. मुंबईच्या शीव रुग्णालयात १९८९ मध्ये डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी पेढी काढली, तिचं मोल मोठंच; पावडरच्या दुधापेक्षा पेढीचं दूध केव्हाही बरं. पण आधी आईचं, मग पेढीचं, हा क्रम लेखात कुठेच नाही.