गोळ्या संपल्या नव्हत्या : नाईक यशवंत घाडगे यांच्याविषयी लिहिणाऱ्यांसाठी

१० जुलै जवळ आला की माणगावच्या यशवंतराव घाडगे यांचा फोटो फिरायला लागतो. खाली बहुधा लिहिलेलं असतं की गोळ्या संपल्या तेव्हा त्यांनी बंदुकीच्या दस्त्याने शत्रूला ठार केलं. वाक्य जोरदार आहे, पण नेमकं नाही. त्यांना मरणोत्तर मिळालेल्या व्हिक्टोरिया क्रॉसच्या, म्हणजे ब्रिटिश सैन्यातल्या सर्वोच्च शौर्यपदकाच्या, मानपत्रात गोळ्या संपल्याचा उल्लेखच नाही. मॅगझिन, म्हणजे बंदुकीला खालून लावायची गोळ्यांची डबी, बदलायला वेळ नव्हता, असं तिथे आहे. हा फरक बारीक वाटेल, पण त्या माणसाने काय केलं ते कळायचं असेल तर सगळं इथेच आहे.

आधी थोडक्यात माहिती. जन्म १६ नोव्हेंबर १९२१, गाव पळसगाव, तालुका माणगाव, तेव्हाचा कुलाबा, आजचा रायगड जिल्हा. पलटण ३/५ मराठा लाइट इन्फंट्री, म्हणजे पाचव्या मराठा रेजिमेंटची तिसरी बटालियन. (आजच्या भारतीय सैन्यातली २ पॅरा, म्हणजे पॅराशूट रेजिमेंटची दुसरी बटालियन, ती हीच.) हुद्दा नाईक, बाहीवर दोन फिती. वीरमरण १० जुलै १९४४, दुसऱ्या महायुद्धात, इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात. वय २२. कॅप्टन नाही, सुभेदार नाही, आणि लढाई रोमच्या दक्षिणेकडच्या कासिनोचीही नाही. कासिनो मे महिन्यातच पडलं होतं, ४ जूनला रोमही गेलं होतं. कासिनोचा घोळ होण्याचं कारण पुढे सांगतो.

रोम सोडल्यावर जर्मन सैन्य उत्तरेकडे हटत होतं, पण पळत नव्हतं. मागे गॉथिक लाइन नावाची तटबंदी बांधून पुरी व्हायची होती आणि तिला वेळ मिळवून देणं हे या माघारीचं काम होतं. ते काम होतं डोंगरसोंडांवरच्या मशीनगनच्या ठाण्यांकडे. एकेका ठाण्यावर मोजकी माणसं. जागा अशी निवडायची की शेजारच्या ठाण्यातून ही जागा दिसली पाहिजे. समोरचा एक ठाणं घेऊन त्यात शिरला, की दुसऱ्या ठाण्यातून त्याच्यावर मारा करता येतो. ही मांडणी लक्षात ठेवा, शेवटी लागेल.

नाईक म्हणजे सेक्शनचा कमांडर. सेक्शन साधारण दहा जणांचं. दोन-तीन जण ब्रेनगनवर, म्हणजे हलक्या मशीनगनवर, बाकीच्यांकडे ली-एनफिल्ड रायफली, कमांडरकडे थॉमसन, म्हणजे टॉमीगन. मशीनगन समोर आली तर शिकवलेली पद्धत अशी : ब्रेनने बाजूच्या आडोशावरून मारा सुरू ठेवून शत्रूची डोकी खाली दाबायची, तेवढ्यात रायफलवाल्यांनी दुसऱ्या बाजूने जवळ जायचं, बॉम्ब टाकायचा, आत शिरायचं. एक हात धरून ठेवतो, दुसरा मारतो. दोन्ही हात असले तरच ही युक्ती चालते.

त्या दिवशी मशीनगनचा मारा अगदी जवळून आला आणि कमांडर सोडून सेक्शनमधला प्रत्येक जण मेला किंवा जखमी झाला. जर्मन पायदळाची त्या काळातली एमजी ४२ मिनिटाला सुमारे १२०० गोळ्या सोडायची, म्हणजे सेकंदाला वीस. त्या वेगापुढे जवळच्या अंतरावर दहा माणसांना पांगायलाही अवधी मिळत नाही. धरून ठेवणारा हात गेला. शिकवलेल्या पद्धतीप्रमाणे आता करण्यासारखं काहीच नव्हतं. आडोसा धरून थांबणं हाच शहाणपणा ठरला असता आणि त्याबद्दल कोणीही बोल लावला नसता. आपल्याबरोबर यायला कोणी उरलेलं नाही हे त्यांना पक्कं माहीत होतं, असं मानपत्रात मुद्दाम नोंदवलेलं आहे. बेभान होऊन धावलेल्या माणसाचं हे वर्णन नव्हे.

पहिलं काम हातबॉम्बचं. तेव्हाचा ३६ नंबरचा मिल्स बॉम्ब पाऊण किलोचा. पिन काढायची, लिव्हर मुठीत दाबून धरायची, फेकताना लिव्हर सुटते आणि चार सेकंदांनी स्फोट. चांगला फेकणारा तो पंचवीस-तीस मीटर टाकतो, पण तुकडे त्याहून लांब उडतात. म्हणून फेकल्याबरोबर आडवं व्हायचं असा नियम. एकट्याची अडचण इथेच सुरू होते. आडवं राहून स्फोटानंतर सावकाश उठलं, तर ठाण्यातली उरलेली माणसं सावरतात. लगेच धावलं, तर स्वतःच्याच बॉम्बचे तुकडे अंगावर. साथीला ब्रेन असती तर ही पंचाईत आली नसती. बॉम्बने मशीनगन आणि ती चालवणारा, दोन्ही निकामी झाले. मशीनगन चालवणाऱ्याच्या साथीचे तिघे अजून होते.

दुसरं काम टॉमीगनचं. पॉइंट ४५ ची जाड, संथ गोळी, जवळच्या अंतरासाठीच बनवलेली. सरळ मॅगझिनमध्ये वीस किंवा तीस गोळ्या. सलग चालवली तर मिनिटाला सहाशे-सातशेच्या वेगाने वीस गोळ्या दोन सेकंदांत संपतात. म्हणून घोडा दाबून लगेच सोडायचा, दोन-तीन गोळ्यांचे झटके द्यायचे, असं शिकवत. धावता धावता, चढावर, पाच किलोचं हत्यार सांभाळत हे कितपत जमतं ते ज्याने त्याने ठरवावं. एकाला त्यांनी गोळीने पाडलं. दोघे राहिले आणि मॅगझिन रिकामं झालं.

आता मॅगझिन कसं बदलतात ते पाहा. डाव्या अंगाला, घोड्याच्या वर एक खटका असतो. तो अंगठ्याने वर ढकलायचा. रिकामं मॅगझिन खाली ओढून काढायचं. पाऊचचं झाकण उघडून भरलेलं काढायचं. त्याच्या पाठीवरची उभी पट्टी घोड्याच्या पुढच्या खाचेत बरोबर बसवायची आणि खटका वाजेपर्यंत वर सरकवायचं. पट्टी जरा तिरकी लागली की मॅगझिन अडतं आणि पुन्हा पहिल्यापासून. सरावलेल्या हातालाही यात तीन-चार सेकंद जातात, आणि तेवढा वेळ नजर समोरच्यावरून हटून हातावर येते. समोरचे दोघे हातभर अंतरावर. तीन सेकंदांत त्यांच्यापैकी कोणाच्याही हातात पिस्तूल आलं असतं.

म्हणून त्यांनी बंदूक नळीकडून धरली. हा निव्वळ संताप नव्हता, हिशोबही होता. थॉमसनचं पोलादी खोकं आणि लाकडी दस्ता, म्हणजे जवळजवळ सगळं वजन, मागच्या बाजूला असतं. नळीकडून धरली की ते वजन टोकाला जातं आणि घाव जबर बसतो. उरलेले दोघे त्या घावांनी मेले.

हे वाचायला छान नाही. पोस्ट लिहिणारे इथे ‘सिंहासारखी झेप’ वगैरे घालतात, त्याचं कारण मला वाटतं हेच आहे. एका बावीस वर्षांच्या तरुणाने दोन माणसांना मारून मारून संपवलं, हे सरळ लिहायला हात धजत नाही. पण सरळ लिहिलं नाही तर त्यांनी काय पेललं तेही कळत नाही.

ठाणं घेतल्यावर काय करायचं हेही ठरलेलं असतं : ब्रेन लगेच पलीकडच्या काठावर न्यायची, माणसं पांगवायची, उलट हल्ल्याची वाट पाहायची. हे करायला माणसं लागतात. यशवंतराव एकटे होते आणि ठाणं शत्रूच्या नेमबाजांच्या टप्प्यात होतं. एकट्याने जिंकलेल्या त्याच ठाण्यात गोळी लागून ते गेले.

प्रतिक्रियांमध्ये दरवेळी एक वाद येतो की ते इंग्रजांसाठी लढले. लढले इंग्रजी अंमलाखालच्या सैन्यात, पदक मिळालं इंग्लंडच्या राजाचं. हे लपवायचं कारण नाही आणि त्यावर देशभक्तीचा मुलामा चढवायचंही नाही. मला दोन्ही बाजूंचा कंटाळा येतो, कारण त्या वादात १० जुलैची ती काही मिनिटं कोणी वाचतच नाही. इटलीतल्या माणसांनी मात्र वाचली. मोन्तोने या गावात २०२३ साली त्यांच्या नावाचं सूर्यघड्याळ-स्मारक उभं राहिलं. आपल्याकडे माणगावला तहसील कचेरीपाशी पुतळा आहे.

आता कासिनोचा घोळ. यशवंतरावांचं नाव कासिनोच्या स्मारकावर आहे, कारण इटलीतल्या मोहिमेत मेलेल्या आणि ज्ञात कबर नसलेल्या चार हजारांहून अधिक सैनिकांची नावं तिथे एकत्र कोरलेली आहेत. स्मारक कासिनोला आहे म्हणून मरणही तिथलंच, असं धरू नये.

तुमच्या गावातलं असं नाव शोधायचं असेल तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन या, युद्धात मेलेल्या सैनिकांच्या कबरी आणि नोंदी सांभाळणाऱ्या संस्थेची यादी कोणालाही फुकट पाहता येते. अडतं ते स्पेलिंगवर. जिल्हा रायगड टाकला तर हाती काही लागत नाही, कुलाबा टाका. सिंधुदुर्ग १९८१ पर्यंत रत्नागिरीत होता. पुणे, ठाणे, सोलापूर यांची जुनी इंग्रजी रूपं वापरा. रेजिमेंटच्या नावात ‘मराठा’ लिहिताना आरच्या आधी एच आणि दोन टी असतात. आडनावाने मिळालं नाही तर नुसतं पहिलं नाव आणि पलटण टाका, कारण पुष्कळ नोंदींत आडनावच नाही. पहिल्या महायुद्धात इराकमध्ये गेलेला असेल तर बसऱ्याच्या स्मारकावर साध्या हिंदी शिपायांची नावं कोरलेलीच नव्हती, पलटणीपुढे फक्त आकडा होता. तिथे दगडाचा फोटो मागवून उपयोग नाही, नोंदच शोधावी लागते.

कोकणात आणि घाटावर अनेक गावांत, चावडीत किंवा शाळेच्या भिंतीत, १९१४ ते १९१९ च्या युद्धात या गावातून इतके गेले, इतके मेले, एवढंच सांगणारी संगमरवरी पाटी असते. रंगकामात ती चुन्याखाली जाते, नाहीतर इमारत पाडताना राडारोड्यात. सरळ समोरून, सकाळच्या तिरप्या उन्हात फोटो काढा, म्हणजे झिजलेली अक्षरंही उठतात. गाव, तालुका आणि पाटी कुठे आहे हे फोटोबरोबरच लिहून ठेवा, आणि त्या आकड्यातली नावं घराघरांतून विचारायला लागा. पेन्शनचं जुनं पुस्तक किंवा पदकाची कड, ज्यावर नंबर, नाव आणि पलटण कोरलेली असते, यातलं एक मिळालं तरी पुढची नोंद सापडण्याची शक्यता पुष्कळ वाढते.