मामा, ‘सगळे पोलीस’ म्हणजे नक्की कोण?

मामांनी घरच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड टाकला आणि खाली अमेरिकेत, टेक्सासमधल्या डॅलसला असलेल्या माझ्या धाकट्या भावाला लिहिलं, ‘तूही एक पिस्तूल घेऊन टाक.’ फॉरवर्डचं म्हणणं असं: अमेरिकेतल्या सगळ्या पोलीस संघटना बंदुकीवरच्या निर्बंधांच्या विरोधात आहेत, जवळपास तीन चतुर्थांश पोलीस बंदुकीच्या हक्काच्या बाजूने आहेत, आणि बंदूकधारी नागरिकाला पोलीस आपलाच माणूस मानतात.

तीन चतुर्थांशाचं खरं आहे, नाइलाजाने मान्य. प्यू रिसर्च सेंटर या जनमत पाहण्या करणाऱ्या संस्थेने २०१७ साली जवळपास ८ हजार पोलिसांची पाहणी प्रसिद्ध केली, त्यात ७४ टक्क्यांनी नियंत्रणापेक्षा हक्काला कौल दिला. फॉरवर्डवाला सोयीस्कर तिथेच थांबतो. त्याच पाहणीत ८८ टक्के पोलिसांना खासगी विक्रीत आणि गन शोमध्येही (बंदूकविक्रीच्या जत्रांत) खरेदीदाराची पार्श्वभूमी तपासलेली हवी आहे, ६१ टक्क्यांना बंदूकविक्रीची केंद्रीय नोंद हवी आहे.

‘सगळ्या संघटना’ ही तर शुद्ध थाप. फ्रॅटर्नल ऑर्डर ऑफ पोलीस ही तिथली सर्वांत मोठी संघटना, ट्रम्पना पाठिंबा देणारी. बंदूक विकण्याआधी खरेदीदाराची पार्श्वभूमी तपासायला लावणाऱ्या १९९३ च्या ब्रॅडी कायद्याच्या पाठीशी तीच उभी होती. (२००४ मध्ये आजी-माजी पोलिसांना देशभर पिस्तूल बाळगायची मुभाही तिने मिळवून घेतली. सभासदांचं बघणारच, संघटनाच ती.)

डोकं फिरलं ते ‘आपलाच माणूस’ वाचून. आरवाडा, कोलोरॅडो, २१ जून २०२१. एका हल्लेखोराने पोलीस अधिकारी गॉर्डन बीझली यांना गोळ्या घालून मारलं. जॉनी हर्ली हा साधा नागरिक जवळच्या दुकानातून स्वतःचं पिस्तूल घेऊन धावला आणि त्याने हल्लेखोराला लोळवलं. फॉरवर्डात लिहिलंय अगदी तस्सं! मग त्याने हल्लेखोराची रायफल उचलली. तेवढ्यात आलेल्या दुसऱ्या पोलिसाला दिसला रायफल हातात घेतलेला एक अनोळखी माणूस. त्याने गोळ्या झाडल्या, हर्ली गेला. पोलिसावर फौजदारी खटलाही झाला नाही. सरकारी वकिलांनी सांगितलं, त्या क्षणी हर्लीच हल्लेखोर वाटणं वाजवी होतं. कायद्याने ते बरोबरही असेल. पण हर्ली गोरा होता, तिथलाच होता. आमचं पोरगं त्या जागी असतं तर त्या पोलिसाला काय वाटलं असतं, ते मामांनीच सांगावं.

राहता राहिलं टेक्सास. विनापरवाना पिस्तूल बाळगू देणारा कायदा २०२१ मध्ये येऊ घातला, तेव्हा डॅलसचे तेव्हाचे पोलीसप्रमुख एडी गार्सिया यांनी उघड विरोध केला. कायदा तरीही झाला. पण मामा, तुमचा भाचा एच-१बी व्हिसावर आहे. अशा व्हिसावरच्या माणसाने बंदूक बाळगणं हा, शिकारीचा परवाना वगैरे मोजके अपवाद सोडले, तर केंद्रीय गुन्हा आहे. तिथे टेक्सासचा कायदा कामाला येत नाही.