१५ टक्क्यांची खाण ३३ वर्षं का अडली?

वादाला तोंड फोडलं संजूने. "झारखंडातल्या सिंहभूम भागात, जादूगोड्याच्या खाणीत एक टन खडक फोडून किलोभरसुद्धा युरेनियम ऑक्साइड हाती लागत नाही. कॅनडातल्या सिगार लेक खाणीत टनामागे दीडशे किलोच्या आसपास! आपण ९०० मीटर खाली उतरून करतो काय?"

"खडक टणक असल्यामुळे उतरता तरी येतं," विनयाताई म्हणाल्या. "सिंहभूमला खनिजाचा पट्टा काढायचा, पोकळीत खनिज दळणाऱ्या मिलमधून उरलेली जाडी रेती भरायची, तिच्यावर उभं राहून वरचा पट्टा धरायचा. छत टिकतं. सिगार लेकचा साठा सापडला १९८१ मध्ये, उत्पादन सुरू झालं मार्च २०१४ मध्ये. युरेनियमच्या घसरलेल्या भावात बरीच वर्षं गेली हे मान्य. पण बांधकाम २००५ मध्ये सुरू झालं, तरी पुढे नऊ वर्षं लागलीच ना?"

"एवढं श्रीमंत खनिज म्हटल्यावर किरणोत्सर्ग मोजणारा गायगर काउंटर घेऊन फिरलं की सापडलं असेल," आप्पांनी मध्येच टाकलं.

"नाही आप्पा, तिथे जमिनीवर काहीच खूण नाही. वर चारशेहून अधिक मीटर वालुकाश्म आहे, त्यातून गॅमा किरण बाहेर येत नाहीत. शोध घेतला तो ग्राफाइटचा. तो वीज वाहून नेतो, म्हणून विद्युत-चुंबकीय सर्वेक्षणात दिसतो. त्या रेषेवर बोअर मारत गेले."

"युरेनियम शोधायचं आणि ग्राफाइट कशाला?"

"ऑक्सिजनवालं पाणी युरेनियम विरघळवून वालुकाश्मातून हिंडत होतं. खालच्या जुन्या खडकात भेग आहे आणि ग्राफाइटही. तिथे ऑक्सिजन हिरावला जातो, युरेनियम विरघळलेलं राहू शकत नाही, तिथेच बसतं. म्हणून हा साठा दोन खडकांच्या सीमेवर सापडला. भोवती चिकणमातीचं वेष्टण तयार झालंय. शंभर कोटींहून अधिक वर्षं त्यानेच खनिज जागेवर धरून ठेवलं. अणुकचरा पुरण्याचा अभ्यास करणारे या साठ्याकडे मुद्दाम बघतात."

"मग अडचण कसली?" संजूचा सूर अजून चढाच होता.

"तीच चिकणमाती! खनिज मऊ, भुसभुशीत, आणि वरचा वालुकाश्म पाण्याने भरलेला. ४३० मीटर खोलीला पाण्याचा दाब चाळीस वातावरणांच्या वर जातो. एप्रिल २००६ मध्ये दुसरा शाफ्ट, म्हणजे खाली उतरायची उभी विहीर, खोदताना पाणी आलं. ऑक्टोबरमध्ये बोगद्यात खडक कोसळला आणि अख्खी खाण बुडाली. वरून बोअर मारून काँक्रीट आणि ग्राउट, म्हणजे भेगा बुजवणारं पातळ सिमेंट, ओतलं, गळती बुजवली. उपसा सुरू केला, तर ऑगस्ट २००८ मध्ये दुसरीकडून पाणी शिरलं."

इथे आप्पांचा आवाज चढला. "पंप मोठे लावायचे होते!"

"किती मोठे लावणार? शिवाय त्या पाण्यात रेडॉन हा किरणोत्सर्गी वायू विरघळलेला असतो, बोगद्यात आलं की तो हवेत सुटतो. म्हणून खनिज आणि त्याच्या भोवतालचा खडक गोठवतात. वरून बोअर मारून त्यांच्या नळ्यांतून शून्याखाली तीसेक अंशांचं खारं द्रावण फिरवायचं. गोठायला महिनोन्‌महिने जातात, आणि गोठल्याशिवाय खनिजाला हात लावायचा नाही. म्हणजे खणायच्या कितीतरी आधी बोअर मारून ठेवावे लागतात. तिथे घाई केली की पुढचं सगळं वेळापत्रक बिघडतं."

"आणि मग माणसं गोठलेलं खनिज फोडतात?"

"माणूस खनिजाजवळ जातच नाही, अंगावर येणाऱ्या गॅमा किरणांची मात्रा परवडणार नाही. बोगदे खाली, पक्क्या खडकात. तिथून वर बोअर मारून पाण्याचा प्रचंड दाबाचा झोत सोडतात, खनिजात पोकळी कापली जाते, गाळ पाइपातून खाली येतो. पोकळी काँक्रीटने भरली की शेजारची. गाळ खाणीतच दळून वर पंप करतात आणि ट्रकने सत्तरेक किलोमीटरवरच्या मॅक्लीन लेक मिलला नेतात."

संजू मागे हटला नाही. "एवढं करूनही परवडतंच ना? २०१५ च्या करारात कॅनडाकडून तीन हजार टनांवर युरेनियम आपणच घेतलं."

"परवडतं, कारण खनिजात युरेनियम ऑक्साइडचा टक्का १५ च्या आसपास आहे. अर्ध्या टक्क्याच्या खनिजासाठी एवढं गोठवून बघ, मग हिशोब घाल!"