खुलासा: ‘चिघळणे’ म्हणजे ‘सडणे’ नव्हे

समानार्थी शब्दांची एक यादी सध्या फिरते आहे: चिघळणे, सडणे, कुजणे, नासणे, चारही एकच, कुठेही कोणताही वापरा. हे चुकीचं आहे, आणि मुलं तेच पाठ करताहेत याचं मला मनापासून वाईट वाटतं.

दूध नासतं, ते कुजलं असं कुठल्याही घरात म्हणत नाहीत. उरलेलं वरण आंबतं, दात किडतो, पोत्यातला ओला कांदा सडतो. अढीतला एक आंबा नासला की शेजारच्यांनाही नासवतो. कुजणं तर दरवेळी वाईटही नसतं. शेतकरी ‘चांगलं कुजलेलं शेणखत’ मुद्दाम मागतो. खड्ड्यातलं शेण काळपट, भुसभुशीत झालं, हातात घेतलं तरी उग्र वास येईना, की ते कुजलं.

चिघळते ती जखम. कडा लाल होतात, पू धरतो, खपली टिकत नाही, पाणी झिरपत राहतं. म्हणूनच वाद आणि संपही चिघळतात. ‘पाय सडला’ ही त्यापुढची गोष्ट. तिथे मांसच मेलेलं असतं.

यादीत ‘व्रण म्हणजे जखम’ असंही आहे. संस्कृतात ते खरं. सुश्रुतसंहितेतला व्रण जखमच आहे. पण रोजच्या मराठीत व्रण म्हणजे जखम भरल्यावर मागे राहिलेली खूण: ‘लहानपणी पडले होते, गुडघ्यावर अजून व्रण आहे.’