हौशी म्हणायचं कुणाला?

रग्बीतलं मला फार कळत नाही, आपण पडलो क्रिकेटवाले. पण आर्थर गूल्ड या जुन्या रग्बी खेळाडूचं प्रकरण वाचलं आणि डोकं फिरलं, म्हणून लिहितोय, जरा लांबेल.

1864 चा जन्म, वेल्समधल्या न्यूपोर्टचा गडी. लहानपणी सारखा झाडावर, म्हणून नाव पडलं 'माकड', ते जन्मभर चिकटलं. वेल्सकडून 27 मॅच, त्यातल्या 18 कॅप्टन म्हणून, आणि तेव्हा वर्षाला जेमतेम तीन मॅच व्हायच्या बरं का. 1893 ची कार्डिफची इंग्लंडविरुद्धची मॅच तर कहर आहे. थंडीने ग्राउंड दगड झालेलं, ते रात्रभर शेकोट्या पेटवून मऊ केलं. इंग्लंड पुढे, गूल्डने दोन ट्राय करून (म्हणजे बॉल समोरच्यांच्या गोल-रेषेपलीकडे जमिनीला टेकवून) मॅच ओढत आणली आणि शेवटी शेवटी पेनल्टी मिळाली. गूल्ड म्हणतोय बॉल जमिनीवर ठेवून मार, त्यांचा किक मारणारा बॅनक्रॉफ्ट म्हणतोय नाही, मी ड्रॉप किकच मारणार, म्हणजे बॉल हातातून सोडून टप्पा पडताक्षणी मारायचा. भर मैदानात कॅप्टनशी हुज्जत! आणि मारली की पठ्ठ्याने. वेल्स 12, इंग्लंड 11. त्याच सीझनला वेल्सचा पहिला ट्रिपल क्राउन, म्हणजे इंग्लंड, स्कॉटलंड, आयर्लंड तिघांनाही हरवलं.

आता खरा राग. 1896 मध्ये लोकांनी एकेक शिलिंग वर्गणी काढली, गूल्डला घर द्यायचं ठरलं. तेव्हा रग्बी फक्त हौशींची, खेळाचे पैसे घ्यायला बंदी. झालं, बाकीच्या देशांचे रग्बी बोर्डवाले खवळले, म्हणे हा तर पगारी खेळाडू! वेल्स आंतरराष्ट्रीय बोर्डातूनच बाहेर पडला, 1897 मध्ये स्कॉटलंड आणि आयर्लंडशी मॅचच नाही. अरे पण 1895 मध्ये आपल्या क्रिकेटच्या डब्ल्यू. जी. ग्रेससाठी नऊ हजार पौंडांच्या वर जमले, तो मात्र शेवटपर्यंत 'हौशी'! डॉक्टरसाहेब ना ते.

शेवटी इंग्लंडवाल्यांनी गूल्डला स्पेशल केस म्हणून सोडलं, आणि मला ते जास्त खटकतं. कारण दोनच वर्षांपूर्वी उत्तर इंग्लंडचे क्लब एवढंच मागत होते की गिरणी-खाणीतल्या पोरांचा खेळापायी बुडालेला रोज तेवढा भरून द्या. नाही म्हणाले. ते क्लब वेगळे झाले, त्यातूनच पुढे रग्बी लीग हा रग्बीचा वेगळा प्रकार आला. म्हणजे स्टारला अख्खं घर चालतं आणि मजुराचा बुडालेला रोज चालत नाही?

गूल्डला दोष नाही देत मी, लोकांनी प्रेमाने दिलं, त्याने घेतलं. 1897 ला न्यूपोर्टातच, घरच्या ग्राउंडवर, इंग्लंडला 11-0 हरवून रिटायर झाला. माकडच ते, बरोबर फांदी धरून उतरलं.